बजेट गेमिंग मॉनिटर: व्हीए आणला, परत केला, आयपीएस ठेवला

४ जानेवारी

जुना मॉनिटर २२ इंची, ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा; हाच रिफ्रेश रेट), टीएन पॅनेलचा. पॅनेल म्हणजे चित्र दाखवणारा पडदा; टीएन, आयपीएस आणि व्हीए या त्याच्या तीन जाती. ग्राफिक्स कार्ड नवं आहे आणि १०८०पी ला (१९२०×१०८० पिक्सेल) बहुतेक गेममध्ये सेकंदाला ९० ते १३० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतं. त्यातल्या ६० च्या वरच्या सगळ्या फुकट जातात. म्हणून मॉनिटर बदलायचा.

वापरणारे दोघं. मी रात्री दिवा मालवून सावकाश चालणारे, अंधारे गेम खेळतो. गुहा, तळघरं, पावसातलं जंगल असे. धाकटी बहीण दिवसा ऑनलाइन शूटर खेळते, तेही मनावर घेऊन, रोजचा सराव ठरलेला. टेबल एकच, मॉनिटर एकच.

किमती जागोजागी आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे इथे खर्च लिहिताना पूर्ण बजेट १०० धरतोय. तुमचं बजेट कितीही असो, प्रमाण लावता येईल.

आकाराचा निकाल लगेच लागला. २७ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. २३.८ इंचावर तेच ९३ होतात. स्क्रीन डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते, तिथून ८२ ला अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. २७ इंची १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) बजेटबाहेर, आणि कार्डालाही झेपणार नाही. तेव्हा २४ इंची, १०८०पी, किमान १४४ हर्ट्झ. उरला प्रश्न पॅनेलचा.

६ जानेवारी

दोन संध्याकाळी नुसते तपशीलाचे तक्ते वाचण्यात गेल्या. पहिली चूक इथेच झाली. एका चांगल्या मॉनिटरच्या तक्त्यात पॅनेल ‘एएचव्हीए’ लिहिलं होतं. शेवटी ‘व्हीए’ दिसलं म्हणून तो मी व्हीएच्या यादीत टाकला. प्रत्यक्षात एएचव्हीए हे एयू ऑप्ट्रॉनिक्सचं नाव आहे आणि ते पॅनेल आयपीएस जातीचं असतं. सॅमसंगचं पीएलएस आणि बीओईचं एडीएस हेही त्याच घरातले. एमव्हीए, एएमव्हीए, एसव्हीए मात्र खरोखर व्हीए. नावावर जाऊ नका. तक्त्यात कॉन्ट्रास्टचा (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) आकडा बघा: १०००:१ च्या आसपास असेल तर आयपीएस किंवा टीएन, ३००० किंवा ४०००:१ असेल तर व्हीए. पाहण्याचा कोन १७८/१७८ लिहिलेला असेल तर टीएन वगळा, कारण त्याच्यापुढे साधारण १७०/१६० असतं.

‘१ मिलिसेकंद’ हा पिक्सेलची छटा बदलायला लागणाऱ्या वेळेचा आकडा मी खोडूनच टाकला. तो तिन्ही जातींच्या खोक्यांवर सापडतो. कुठे तो एका सोयीच्या करड्या छटेवरून दुसरीवर जाण्याचा सगळ्यात चांगला वेळ असतो, तोही ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलावा म्हणून दिलेला जादा जोर) टोकाला नेऊन मोजलेला. कुठे तो एमपीआरटी, म्हणजे हलत्या चित्राच्या फराट्याचं माप असतो, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लुकलुकवून मिळवलेला. दोन्हींची तुलना होत नाही. ‘एचडीआर ४००’ (जास्त उजळ-गडद चित्राचा दावा करणारा शिक्का) साठीही पैसे मोजायचे नाहीत असं ठरवलं. त्या पातळीला बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची अट नाही, त्यामुळे अंधारी दृश्यं काही सुधारत नाहीत.

ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनेल, या बजेटमध्ये येत नाही.

९ जानेवारी

टीएन घ्यायचा का, याचं उत्तर टेबलावरच होतं. जुन्या मॉनिटरवर पूर्ण स्क्रीनभर एकच मध्यम करडा रंग लावला. वरची पट्टी गडद आणि खालची फिकी दिसली. खुर्ची थोडी खाली केली की सगळं आणखी काळवंडतं. गडद दृश्यात वरच्या तिसऱ्या भागातले तपशील बुडतात आणि खालच्या भागात काळ्याचं करडं होतं. नवे टीएन चपळ असतात हे खरं, पण हा दोष जातीचाच आहे, सेटिंगने जात नाही. आता आयपीएसही तेवढ्याच वेगाच्या जवळपास आलेत आणि किमतीत फार फरक उरलेला नाही. टीएन बाद.

१२ जानेवारी

व्हीए मागवला. २४ इंची, वक्र, १६५ हर्ट्झ. बजेटचे ८८.

कारण साधं होतं. माझे सगळे गेम अंधारातले आणि कॉन्ट्रास्ट तिप्पट. बहिणीने विचारलं, “दादा, तू फक्त तुझ्याच गेमचा विचार केलास ना?” मी म्हणालो, १६५ हर्ट्झ आहे, तुलाही पुरेल. हे बोलण्याआधी तिच्या गेममधल्या अंधाऱ्या जागा मी एकदाही पाहिल्या नव्हत्या. पुढचा सगळा खर्च आणि वेळ त्यामुळे गेला.

१५ जानेवारी

मॉनिटर आला. पहिल्या रात्री तळघरातला तो प्रसंग पुन्हा खेळलो आणि मशालीच्या उजेडापलीकडचा काळा खरोखर काळा दिसला. जुन्यावर तिथे राखाडी धुकं असायचं. एवढ्यासाठी पैसे वसूल, असं वाटलं.

पण हलताना काही फरक जाणवेना. दोन तास ग्राफिक्सचे पर्याय कमी-जास्त करत बसलो. मग टेस्ट यूएफओ या हलतं चित्र तपासायच्या संकेतस्थळाचं पान उघडलं तर त्यावर सरळ ६० हर्ट्झ लिहून आलं. संगणकाने नवा मॉनिटर ६० वरच धरला होता. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १६५ करावा लागतो. तो केला आणि माउसचा बाण हलवताच फरक कळला. नवा मॉनिटर लावलात की सगळ्यात आधी हे बघा.

१६ जानेवारी

बहिणीचा पहिला सराव. पाऊण तासात उठून आली. “सावलीतून कोणी पळालं की त्याच्या मागे शाईचा डाग ओढल्यासारखा दिसतो. नेम कशावर धरू?”

मला रात्री हे दिसलं नव्हतं, कारण माझ्या गेममध्ये माणूस चालतो आणि तिच्यात पळतो. शेजारी बसून पाहिलं. उजेडात सगळं स्वच्छ. दाराच्या काळ्या चौकटीतून गडद कपड्यातलं पात्र गेलं की मागे जांभळट काळी शेपूट. हा व्हीएचा ओळखीचा दोष: काळ्यापासून गडद करड्यावर जायला पिक्सेल फार वेळ घेतो, बाकीच्या छटांवर मात्र ठीक असतो. त्यामुळे सरासरी आकडा चांगला दिसतो आणि नेमका अंधारात मार खातो.

मोजायचं ठरवलं. काळ्या पार्श्वभूमीवर गडद करडा चौकोन सरकवणारं पान लावलं आणि फोनने २४० फ्रेमचं स्लो मोशन चित्रण केलं. फोनची एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंद. चौकोनाची पुढची कड जिथे पोचते ती जागा पूर्ण उजळायला सहा ते सात फ्रेम लागल्या, म्हणजे २५ ते २९ मिलिसेकंद. १६५ हर्ट्झला मॉनिटरची एक फ्रेम ६.०६ मिलिसेकंदांची. एक छटा पूर्ण व्हायच्या आत चार नव्या फ्रेम येऊन गेलेल्या असतात. घरगुती मोजणी आहे, एखादी फ्रेम इकडेतिकडे होईल, पण चारपट हा फरक चुकून दिसणारा नव्हे.

एक सूचना: मॉनिटर चालू केल्यावर लगेच मोजू नका. थंड असताना पॅनेल आणखी सुस्त असतं. मी पहिली मोजणी तशीच केली होती, ती आकडेवारी फेकून अर्ध्या तासाने पुन्हा केली.

१७ जानेवारी

पूर्ण दिवस सेटिंगमध्ये गेला. परत करायची मुदत दहा दिवस, त्यामुळे घाई होती, पण जातीचा दोष आणि सेटिंगचा दोष वेगळे केल्याशिवाय परत पाठवायचं नव्हतं.

ओव्हरड्राइव्हच्या तीन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर शेपूट लांब. मधलीवर थोडी आखूड. वरच्या पायरीवर काळी शेपूट कमी झाली, पण उजेडातल्या हलत्या वस्तूंभोवती पांढरी कड उमटली, कारण पिक्सेल ठरलेल्या छटेपलीकडे जाऊन परत येत होता. एक त्रास देऊन दुसरा घेतला, एवढंच.

बॅकलाइट लुकलुकवणारा ‘१ एमएस’ मोडही लावून पाहिला. स्क्रीन निम्म्याने मंद झाली, व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश बदलण्याची सोय) बंद पडलं आणि शेपटीच्या जागी वस्तूची दुहेरी प्रतिमा आली.

खरोखर उपयोग झाला तो ‘ब्लॅक इक्वलायझर’चा. तो वर नेला की गेममधला काळा उचलून करडा होतो. पिक्सेलला पूर्ण काळ्यापासून सुरुवात करावी लागत नाही, म्हणून तो लवकर पोचतो. शेपूट जवळजवळ गेली. बहीण म्हणाली, “आता चालेल.” पण मग माझ्या लक्षात आलं की स्क्रीन जुन्या टीएनसारखी धुरकट दिसतेय. ज्या काळ्यासाठी व्हीए घेतला, तोच काळा बंद केला की मग तो वेगवान होतो. तिच्यासाठी एक प्रोफाइल आणि माझ्यासाठी दुसरं ठेवता आलं असतं. तेवढ्यावर मी थांबलोही असतो. पण रात्री आणखी एक गोष्ट दिसली.

व्हीआरआर चालू ठेवून माझा गेम लावला. जंगलात फ्रेम ४५ ते ६० च्या दरम्यान वरखाली होत होत्या आणि गडद भाग लुकलुकत होते, ट्यूबलाइट जायला आल्यावर होतं तसे. या मॉनिटरची व्हीआरआरची खालची हद्द ४८ हर्ट्झ. त्याखाली फ्रेम घसरल्या की मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, म्हणजे रिफ्रेश एकदम ४८ वरून ९० च्या वर उडी मारतो. व्हीएमध्ये गडद छटेची चमक रिफ्रेशबरोबर किंचित बदलते, आणि अशी उडी वारंवार बसली की ते डोळ्याला लुकलुकणं दिसतं. ग्राफिक्स कमी करून फ्रेम ७० च्या वर ठेवल्या तर थांबलं. व्हीआरआर बंद केलं तरी थांबलं, पण मग चित्र आडवं फाटायला लागलं.

१९ जानेवारी

परत पाठवला. पाठवणीचा खर्च ३. खोकं आणि थर्माकोल जपून ठेवलं होतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

निर्णय सोपा नव्हता. एकट्या माझ्यासाठी मी तो ठेवला असता, आजही ठेवेन. अंधाऱ्या खोलीत सावकाश खेळणाऱ्याला त्या किमतीत त्याच्याइतकं सुंदर चित्र देणारं दुसरं काही नाही, आणि लुकलुकण्यावर इलाज आहे. पण बहिणीची अडचण पॅनेलच्या जातीतली होती. मॉनिटर दोघांचा असेल तर ज्याचं काम अडतं त्याचं आधी बघायचं. मला फक्त काळा थोडा कमी काळा दिसणार होता. तिला समोरचा माणूसच नीट दिसत नव्हता.

२२ जानेवारी

आयपीएस आला. २३.८ इंची, सपाट, १८० हर्ट्झ. बजेटचे ९६. मुदत पुन्हा दहा दिवस.

रिफ्रेश रेट आधी बदलायला गेलो तर यादीत १४४ च्या वर काही नाही. खोक्यात फक्त एचडीएमआय केबल होती आणि या मॉनिटरचं एचडीएमआय १४४ पर्यंतच जातं; १८० डिस्प्लेपोर्टवरच. व्हीएबरोबर डिस्प्लेपोर्टची केबल आली होती, ती त्याच्यासोबत परत गेली. नवी मागवली, खर्च २. तोपर्यंत एचडीएमआयवर १४४.

बहिणीने तेवढ्यावरही सराव केला आणि उठलीच नाही. शेपूट नाही.

रात्री मी तळघर लावलं आणि वाईट वाटलं. काळा कुठेच नाही, सगळीकडे पातळ दुधासारखा थर. खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळट उजेड. १०००:१ म्हणजे असं असतं, असं मनाशी म्हटलं. हाही परत करायचा विचार घेऊन झोपलो.

२४ जानेवारी

दुसरी संध्याकाळही ब्राइटनेस, गॅमा, कॉन्ट्रास्ट फिरवण्यात गेली. थर जाईना. मग एक विसंगती लक्षात आली: फक्त काळाच नाही, पांढराही मळकट होता. आयपीएसच्या दोषाने पांढरा मळत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’ होती. एचडीएमआयवर कार्डाने मॉनिटरला टीव्ही समजून काळा ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर पाठवला होता. मॉनिटर मात्र ० ते २५५ अशी अपेक्षा ठेवून तो १६ वाला काळा गडद करडा म्हणून दाखवत होता. ‘फुल’ केलं. एका क्षणात थर गेला.

दोन संध्याकाळी गेल्या आणि एक चांगला मॉनिटर परत जायच्या बेतात होता. व्हीएच्या वेळी मी जातीचा आणि सेटिंगचा दोष नीट वेगळे केले होते. इथे निराशेत ते विसरलो. ज्यांना आयपीएसचा काळा धुरकट वाटतोय आणि केबल एचडीएमआय आहे, त्यांनी दुसरं काहीही करण्याआधी हे तपासा.

२५ जानेवारी

कोपऱ्यातला उजेड. फोनने फोटो काढला तर कोपरा पेटल्यासारखा आला, पण फोन अंधारात आपोआप एक्स्पोजर वाढवतो, त्या फोटोवर विश्वास ठेवू नये. काळी स्क्रीन लावून डोकं डावीकडे-उजवीकडे नेलं. खालच्या डाव्या कोपऱ्यातला उजेड डोक्याबरोबर सरकला, मागे गेल्यावर कमी झाला. तो ग्लो, आयपीएसचा स्वभाव. खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका मात्र जागचा हलला नाही. तो बॅकलाइट ब्लीड, चौकटीच्या बसण्यातला दोष, आणि तो प्रत्येक नगात वेगळा असतो. अंगठ्याएवढा आहे, गेममध्ये दिसत नाही. ठेवला.

ग्लोवर दोन उपाय केले. खुर्ची वीतभर मागे घेतली. आणि ब्राइटनेस उतरवला. हिशोब असा: १०००:१ ला पांढरा ३०० निट्स (उजेडाचं एकक) असेल तर काळा ०.३ निट्स. पांढरा १२० वर आणला की काळा ०.१२. प्रमाण तेच राहतं, पण अंधारात डोळ्याला खुपतो तो काळ्याचा उजेड, तो निम्म्याहून कमी झाला. मोजायचं यंत्र नाही. दिव्याखाली कोरा कागद धरून स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतका होईपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. त्यानंतर मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडणारा एक मंद दिवा लावला, खर्च ३. भिंत किंचित उजळली की स्क्रीनवरचा काळा अधिक गडद वाटतो. व्हीएच्या काळ्याची सर नाही येत. पण तळघर पुन्हा खेळावंसं वाटलं.

२७ जानेवारी

डिस्प्लेपोर्ट केबल आली. १८० हर्ट्झ.

सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी टेस्ट यूएफओवरची उडती तबकडी ६० हर्ट्झला नजरेत १६ पिक्सेल फराटते. १८० ला तीच ५.३. हा फराटा पॅनेल कितीही चपळ असलं तरी उरतोच, कारण प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत जागेवर उभी असते आणि डोळा मात्र पुढे सरकत असतो. फ्रेम वाढवल्यानेच तो घटतो.

ओव्हरड्राइव्हची सगळ्यात वरची पायरी इथेही वाईट, पांढरी कड. दुसरी पायरी १८० फ्रेमला उत्तम. पण माझ्या गेममध्ये फ्रेम ७० वर येतात तेव्हा त्याच पायरीवर झाडांच्या कडांना फिकी रेघ येऊ लागली. ओव्हरड्राइव्हचा जोर १८० ला बेतलेला. कमी रिफ्रेशला पिक्सेलला भरपूर वेळ असतो आणि तोच जोर जास्त होतो. म्हणून तिच्यासाठी दुसरी पायरी, माझ्यासाठी पहिली. दोन प्रोफाइल, एका बटणावर. कोणतंही परीक्षण वाचताना ओव्हरड्राइव्ह कोणत्या रिफ्रेशला तपासलाय ते बघा. नुसतं १८० ला तपासून सावकाश गेम खेळणाऱ्याला काही कळत नाही.

फ्रेम मर्यादा १७४ ला बांधली, म्हणजे व्हीआरआरची वरची हद्द ओलांडली जात नाही. ४५-६० च्या जंगलात लुकलुकणं मला दिसलं नाही. मुद्दाम अर्धा तास शोधलं.

३० जानेवारी

मुदत संपायच्या आत पिक्सेल तपासणी. पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा, प्रत्येकी मिनिटभर. १०८०पी मध्ये वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात. एक काळा ठिपका डाव्या कडेजवळ सापडला, फक्त पांढऱ्यावर आणि नाक लावून पाहिलं तरच दिसणारा. सतत पेटलेला ठिपका असता तर बदलून मागितला असता.

हिशोब: मॉनिटर ९६, केबल २, दिवा ३, व्हीएची परतपाठवणी ३. एकूण १०४. बजेटच्या वर गेलेले ४ सगळे टाळता आले असते, केबल सोबत येते का हे आधी पाहिलं असतं आणि बहिणीच्या शेजारी एक तास बसून तिचा गेम पाहिला असता तर. वेळ: सव्वीस दिवस, त्यातल्या साधारण नऊ संध्याकाळी कामाच्या.

२ फेब्रुवारी

जुना टीएन दुसरी स्क्रीन म्हणून बाजूला उभा लावून पाहिला, गप्पांची खिडकी उंच दिसावी म्हणून. टीएनचा वर-खाली रंग बदलण्याचा दोष उभं केल्यावर डावी-उजवीकडे येतो, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात. दहा मिनिटांत डोळे दुखायला लागले. परत आडवा केला.